बोटीवरच्या घरात टीव्ही: निवडायचा कसा आणि बसवायचा कसा

बोटीवर कायम राहणाऱ्यांनी टीव्ही घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो तो "किती इंचाचा घेऊ?" मी बोटींच्या वायरिंगची कामं करते आणि राहतेही बोटीवरच, त्यामुळे हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. इंच सगळ्यात शेवटी. आधी बॅटरी बघा, मग होकायंत्र आणि रेडिओ, मग भिंत, आणि त्यानंतर दुकान. जमिनीवरच्या घरातला टीव्ही भिंतीवर लागला की विषय संपतो. बोटीतला टीव्ही मात्र फ्रीज आणि पंप ज्या बॅटरीवर चालतात तिच्यातूनच वीज घेतो, सुरक्षेच्या उपकरणांपासून हातभर अंतरावर बसतो, लाटेबरोबर हलतो आणि बारा महिने दमट हवेत राहतो.

"बोटीवर टीव्ही हवाच कशाला?" असंही विचारलं जातं. वारा चढला म्हणून दोन-तीन दिवस नांगरावर अडकून पडलेलं कुटुंब, बाहेर पाऊस, केबिनमध्ये कंटाळलेली मुलं, हे ज्यांनी बघितलंय ते असं विचारत नाहीत. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून काहीतरी बघणं हा घराचा भाग आहे, मग ते घर पाण्यावर का असेना. म्हणूनच हे काम नीट करायला हवं.

बॅटरीपासून सुरुवात

"१२ व्होल्टची बोट" हे आपण सोयीसाठी म्हणतो. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून शांत पडलेली असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. अल्टरनेटर किंवा चार्जर चालू झाला की तोच आकडा १४.४ पर्यंत जातो. इक्वलायझिंग करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणारा चार्जर असेल तर १५ च्याही वर. उलट रात्री फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप एकदम सुरू झाले की ११.५ पर्यंत घसरतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी चार्ज होताना १४.६ व्होल्टपर्यंत पोचू शकते. थोडक्यात, तुमच्या टीव्हीला साडेअकरापासून पंधरापर्यंतचं काहीही मिळणार आहे आणि हे चढउतार त्याला पेलले पाहिजेत.

बोटी आणि कॅराव्हानसाठी बनवलेले टीव्ही यासाठीच असतात. त्यातले काही १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर थेट चालतात. ते महाग असतात आणि दुकानात आकारांची निवड कमी मिळते, पण बोट वर्षानुवर्षं फिरती राहणार असेल तर मी तेच घ्यायला सांगते.

घरगुती टीव्ही घ्यायचा असेल तर दुकानात टीव्हीची पाठ बघा, पुढची बाजू नाही. वायरच्या मध्ये लॅपटॉपसारखा वेगळा ॲडॅप्टर असेल तर त्याचं लेबल वाचा. "आउटपुट" या शब्दापुढे १२ व्होल्ट लिहिलं असेल तर काम सोपं. तरीही बॅटरीची वायर सरळ त्यात खुपसू नका. तो ॲडॅप्टर टीव्हीला नेमके १२ देत होता आणि तुमची बॅटरी दुपारी सोलरवर १४.४ देणार आहे. मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा, जो ९ ते १८ व्होल्ट घेतो आणि नेमके १२ सोडतो. टीव्हीला लागणाऱ्या वॉटच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या, म्हणजे तो तापत नाही. लेबलवर १९ व्होल्ट असेल तर व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. लॅपटॉप गाडीत चार्ज करायला वापरतात त्याच जातीचा. आणि ॲडॅप्टरच नसेल, मुख्य विजेची वायर थेट टीव्हीत जात असेल, तर इन्व्हर्टरशिवाय मार्ग नाही. टीव्ही उघडून आतून १२ व्होल्ट जोडायच्या कल्पना सोडून द्या. आतल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वायर काढल्यानंतरही जीवघेणा झटका देऊ शकतात.

इन्व्हर्टरबद्दल एक हिशेब मांडते, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. २४ इंची एलईडी टीव्ही साधारण २० ते ३० वॉट घेतो, ३२ इंची ३० ते ५०. तीस वॉटचा टीव्ही रोज तीन तास चालवला तर ९० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून आपण निम्मंच, म्हणजे ५० वापरतो. त्यात साडेसात म्हणजे चिंतेचं कारण नाही. आता इन्व्हर्टर बघा. नुसता चालू ठेवलेला, काहीही न जोडलेला इन्व्हर्टर १० वॉट खात असेल आणि तो दिवसरात्र चालू राहिला तर २४० वॉट-तास होतात, म्हणजे २० अँपिअर-तास. टीव्हीने खाल्लं त्याच्या अडीचपटीहून जास्त, आणि त्या बदल्यात काहीच मिळालं नाही. टीव्ही चालू असतानाही वीज बदलण्यात दहा-पंधरा टक्के जातात, ते वेगळंच. त्यामुळे इन्व्हर्टर वापरायचाच असेल तर छोटा घ्या, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्या आणि टीव्ही बंद झाला की तोही बंद करा.

टीव्हीच्या विजेतला मोठा वाटा पडद्यामागच्या दिव्यांचा असतो. दुकानातल्या झगमगाटात पडदा उठून दिसावा म्हणून ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असतो. रात्री केबिनमध्ये निम्माही पुरतो. बसवल्या दिवशीच तो खाली आणा आणि क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावून आधीचा-नंतरचा करंट बघा, फरक डोळ्यांना दिसेल.

वायर, फ्यूज, पिन

बॅटरी भरलेली असूनही टीव्ही अधूनमधून बंद पडतो, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांकडे मी आधी वायर बघते. समजा पॅनेलपासून टीव्ही ८ मीटरवर आहे. वीज जाते आणि परतही येते, म्हणून वायर मोजायची १६ मीटर. करंट ३ अँपिअर धरा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये वाटेतच ०.५६ व्होल्ट जातात, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.३४. बॅटरी ११.५ वर आलेली असताना हा फरक निर्णायक ठरतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात महत्त्वाच्या सर्किटांना ३ टक्के घट चालते आणि बाकीच्यांना १० टक्के. टीव्ही खरं तर बाकीच्यांत मोडतो, पण मी त्यालाही ३ टक्केच धरते. जाड वायरचा जादा खर्च एकदाच होतो.

वायर बारीक तारांची, कल्हई केलेली घ्या. साधं तांबं दमट हवेत टोकापासून आत काळं पडत जातं. घरातली एकाच जाड तारेची वायर बोटीत अजिबात नको, सततच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टोक, सोल्डर करण्यापेक्षा रॅचेटच्या क्रिंपरने, म्हणजे ते दाबून बसवणाऱ्या पकडीने दाबा, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि मग वायर हाताने खेचून बघा. हाताने निघाली तर ती समुद्रात नक्की निघेल. ५ अँपिअरचा फ्यूज पॅनेलच्या बाजूला बसवा. टीव्हीच्या मागे बसवलेला फ्यूज टीव्हीला वाचवेल, पण मधली आठ मीटर वायर उघडीच राहील, आणि आग वायरला लागते.

गाडीतल्या सिगारेट लायटरसारखं सॉकेट वापरू नका. थरथरीत ते सैल होतं, तापतं, आणि टीव्ही नेमका सामन्याच्या शेवटच्या षटकात बंद पडतो. स्क्रूने किंवा खटक्याने घट्ट बसणारा कनेक्टर लावा.

टीव्हीत जाणाऱ्या गोल पिनकडेही नीट बघा. बाहेरचा व्यास बहुतेक वेळा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. टीव्हीतली सळई २.५ ची असेल तर २.१ चा प्लग जातच नाही, म्हणजे निदान चूक कळते. उलट झालं, सळई २.१ ची आणि प्लग २.५ चा, तर तो आत जातो, टीव्ही लागतोसुद्धा, आणि लाटेच्या पहिल्या हेलकाव्याला लुकलुकायला लागतो. कॅलिपर नसेल तर दोन्ही मापांचे प्लग घेऊन लावून बघा. प्लस आत आहे की बाहेर, याचं चिन्ह ॲडॅप्टरच्या लेबलवर असतं. तरी जोडण्याआधी मल्टिमीटर लावा.

टीव्हीसाठी पॅनेलवर स्वतंत्र स्विच द्या आणि त्यावर नाव चिकटवा. रिमोटने बंद केलेला टीव्ही पूर्ण बंद नसतो. कन्व्हर्टरही थोडा करंट घेत राहतो. पॅनेलवरचा स्विच पाडला की दोन्ही सुटतात.

होकायंत्र

हा भाग बहुतेक लोक वगळतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. टीव्हीच्या स्पीकरमध्ये चुंबक असतात, चौकटीत पोलादी पत्रा असतो आणि वायरमधून वाहणाऱ्या डीसी करंटभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. केबिनच्या ज्या बल्कहेडवर, म्हणजे आतल्या आडव्या भिंतीवर, टीव्ही लावायचा त्याच्याच दुसऱ्या बाजूला, डेकवर, सुकाणूचं होकायंत्र बसवलेलं असतं अशा बोटी पुष्कळ आहेत. शिवाय ऑटोपायलटचा दिशा ओळखणारा सेन्सर कुठेतरी कपाटात, बाकाखाली लपलेला असतो, त्याची तर आठवणही कुणाला येत नाही. आधी तो शोधून काढा.

भोक पाडण्यापूर्वी ही चाचणी करा. बोट धक्क्याला घट्ट बांधलेली, पाणी शांत. एकाने होकायंत्रासमोर बसून आकडा वाचायचा आणि ऑटोपायलटच्या पडद्यावरचा आकडाही लिहून ठेवायचा. दुसऱ्याने टीव्ही ठरलेल्या जागी धरायचा. मग लांब वायर जोडून तो चालू करायचा. आवाज वाढवायचा, कमी करायचा. हलता आर्म लावणार असाल तर टीव्ही पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे फिरवायचा. काटा अंशभरही हलला तर जागा बदला. "रात्री प्रवासात टीव्ही लावणारच नाही" हे उत्तर पुरेसं नाही, कारण चुंबक बंद टीव्हीतही असतातच.

वायरच्या बाबतीत उपाय सोपा आहे. प्लस आणि मायनस एकमेकींभोवती पिळून न्या. दोन्हींतला करंट उलट दिशेने जात असल्यामुळे त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. एक वायर छतातून आणि दुसरी जमिनीखालून नेलीत तर मधली सगळी केबिन एक मोठं वेटोळं होते.

रेडिओ

२०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने एक सुरक्षा इशारा काढला होता. बोटींवरच्या काही एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा बोलायचा रेडिओ) आणि एआयएस (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) यांच्या ग्रहणात व्यत्यय येतो, असं त्यात म्हटलं होतं. कारण दिव्यांच्या आतली व्होल्टेज बदलणारी इलेक्ट्रॉनिक्स. टीव्ही आणि त्याचा कन्व्हर्टर याच जातीचे. मरीन व्हीएचएफ १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, एआयएस त्याच्याच वरच्या टोकाला, १६१.९७५ आणि १६२.०२५ वर. स्वस्त कन्व्हर्टरचा कचरा नेमका या पट्ट्यात पसरू शकतो.

तपासायची पद्धत त्या इशाऱ्यातच आहे आणि तिला खर्च शून्य. रेडिओ शांत चॅनेलवर ठेवा. स्क्वेल्च, म्हणजे रेडिओची खरखर दाबणारं बटण, इतकाच फिरवा की खरखर जेमतेम थांबेल. आता टीव्ही चालू करा. खरखर परत आली तर टीव्ही रेडिओचे कान बंद करतोय. एआयएस असेल तर टीव्ही चालू आणि बंद असताना पडद्यावर किती जहाजं दिसतात तेही ताडून बघा. दूरची जहाजं गायब होत असतील तर अर्थ तोच. अशा वेळी कन्व्हर्टर रेडिओच्या केबलपासून लांब हलवा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरवर फेराइटचे (असा कचरा अडवणारे) क्लिप लावा. तरीही थांबलं नाही तर कन्व्हर्टर बदला, दुसरा विचारच करू नका. १६ नंबरवर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनेलवर, कुणीतरी मदत मागत असेल आणि आपल्या करमणुकीमुळे ती हाक ऐकू येणार नसेल, तर तो टीव्ही बोटीवर असता कामा नये.

भिंत आणि माप

आता इंच. २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० उंच असतो, ३२ इंची सुमारे ७१ आणि ४०. चौकट त्याहून थोडी मोठी. त्या मापाचा पुठ्ठा कापून आठवडाभर जागेवर चिकटवून ठेवा आणि नेहमीसारखे वावरा. कपाटाचं दार अडतंय का, खिडकीतलं ऊन दुपारी थेट पडतंय का, आणि मुख्य म्हणजे बोट हलली की तुमचा हात कुठे जातो ते बघा. तोल गेला की माणूस समोर जे असेल ते पकडतो. पुठ्ठा चुरगळलेला दिसला तर ती जागा टीव्हीची नाही, आधाराच्या कठड्याची आहे. शेगडीच्या वरची आणि शेजारची जागाही नको, वाफ आणि तेलकट धूर दोन्ही आत जातात.

लहान केबिनमध्ये माणसं बाजूला, कोपऱ्यात, आडवी होऊन बघतात. म्हणून आयपीएस पॅनेल शोधा, बाजूने बघितलं तरी त्यात रंग फिके पडत नाहीत. पडदा मॅट असलेला बरा. आणि मीटरभरावरून बघणार असाल तर ३२ इंचात फुल एचडीचाच आग्रह धरा, साध्या एचडी-रेडीचे ठिपके इतक्या जवळून जाणवतात.

बोटीच्या बाहेरच्या भिंतीला टीव्ही चिकटवू नका. थंडीत तिच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं आणि ते टीव्हीच्या पाठीत उतरतं. आतल्या आडव्या बल्कहेडवर लावा आणि मागे हवा खेळू द्या. थंडगार पडलेली केबिन एकदम तापवली असेल तर टीव्ही लगेच चालू करू नका, त्यावरचा ओलावा सुकू द्या.

टीव्हीच्या पाठीमागची चार भोकं वेसा नावाच्या ठरलेल्या मापात असतात. लहान टीव्हींना ७५ किंवा १०० मिलिमीटरचा चौकोन आणि एम४ स्क्रू, मोठ्यांना बहुधा २०० आणि एम६. बल्कहेडच्या बाजूला लाकडाचे स्क्रू चालणार नाहीत. ५ किलोचा टीव्ही ४० सेंटिमीटर लांब आर्मवर बाहेर काढला की भिंतीतले वरचे स्क्रू सतत उपटले जात असतात, आणि बोट लाटेवरून आपटली की तो भार क्षणात दुप्पट होऊ शकतो. आरपार बोल्ट घ्या, मागे प्लायची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, मोठे वॉशर आणि आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने न सुटणारे नट. स्टील ३१६ दर्जाचं, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस. ड्रिल लावण्याआधी भिंतीच्या पलीकडे जाऊन बघा, तिथे वायर, पाण्याची टाकी किंवा डोलकाठीच्या दोरांचे आधारपत्रे असू शकतात. ड्रिलला टेपची खूण करून खोली ठरवा.

आर्म पिनने लॉक होणारा हवा. नुसत्या घर्षणावर थांबणारा आर्म बोट कलली की दारासारखा उघडतो. लांबच्या सफरीला निघताना लॉकवरही विसंबू नका. टीव्ही काढून चादरीत गुंडाळा आणि बिछान्यावर पडदा गादीकडे करून बांधून ठेवा. झटकन निघणारी पट्टी असलेला आर्म त्यासाठीच घ्यायचा.

चित्र येणार कुठून

इथे थोडक्यात सांगते, कारण बहुतेकांनी अँटेनावर मोठा खर्च करू नये असं माझं मत आहे. प्रसारणाची पद्धत देशागणिक बदलते. युरोपात डीव्हीबी-टी आणि टी-२, अमेरिकेत एटीएससी, जपान-ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी. देश ओलांडणाऱ्या बोटीचा टीव्ही पुढच्या बंदरात एकही चॅनेल पकडणार नाही असं सहज होतं. नांगरावरची बोट वाऱ्याबरोबर फिरते, म्हणून एका दिशेचा अँटेना निरुपयोगी, सर्व दिशांचा लावा. उपग्रहाची ६० सेंटिमीटरची डिश जेमतेम तीन अंशांच्या झोतात ऐकते. कालव्यात पक्की बांधलेली बोट असेल तर ती काठावर तिपाईवर उभी करून छान चालते, नांगरावर मात्र स्वतः दिशा धरणारी घुमटातली डिश लागते आणि ती महागही असते आणि वीजही खाते.

मला सोयीचं वाटतं ते बंदरातल्या चांगल्या इंटरनेटवर सिनेमे, मालिका रीतसर डाउनलोड करून ठेवणं. त्यासाठी टीव्हीला एचडीएमआय पोर्ट हवाच. यूएसबीवर साठा ठेवायचा तर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नको, एसएसडी घ्या, तिला हादऱ्यांचं भय नाही. मोबाइल डेटावर बघणार असाल तर एचडीला तासाला सुमारे ३ जीबी धरून चाला.

अँटेना लावलाच तर ७५ ओहमची केबल, बाहेरच्या जोडाला आपोआप चिकटणारी रबरी टेप, आणि डेकमधून आत येण्यापूर्वी केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीत अँटेनाच्या केबलची जाळी बोटीच्या धातूला टेकू देऊ नका. ती टीव्हीमार्फत बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते आणि त्या वाटेने गळणारा करंट बोटीचा पत्रा खाऊ शकतो. वेगळं ठेवणारा आयसोलेटर मिळतो, तो लावा. गडगडाट ऐकू आला की अँटेनाची केबल आणि विजेचा प्लग दोन्ही काढा.

सगळं बसलं की टीव्ही, फ्रीज आणि पंप एकदम चालू करून टीव्हीच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजा आणि तो आकडा बोटीच्या वायरिंगच्या आकृतीवर फ्यूजच्या मापासकट लिहून ठेवा. तासाभराने कन्व्हर्टरला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो लहान पडतोय. पहिल्या खवळलेल्या सफरीनंतर बोल्ट पुन्हा आवळा, आणि प्लगची टोकं हिरवी पडली आहेत का ते बघा.